बंगलोरला जाऊन टायर पाहिले

बंगलोरहून आल्यापासून गल्लीतल्या बायका विचारतात, काय काय पाहिलंत? लालबाग पाहिली असेल, विधानसौध पाहिलं असेल, म्हैसूरचा दसरा तर तिथून जवळच, तोही पाहिला असेल. यातलं काहीएक पाहिलं नाही. आम्ही टायर पाहिले. स्कूटरचे. नवरात्राचे शेवटचे दिवस आम्ही टायरांच्या मागे घालवले, आणि तरीही मी इतकी सुखावून परत आले आहे की विचारणाऱ्यांना ते खरं वाटत नाही. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आमची धाकटी, वृषाली, होसकोट्याच्या एका कारखान्यात माल तपासण्याच्या विभागात नोकरीला लागली, त्याला वर्ष होत आलं. होसकोटे बंगलोरच्या पूर्वेला. तिथं मुलीनं एकटीनं राहावं असं घर मिळेना, म्हणून ती अलीकडे, के. आर. पुरमला राहते. तिथून कारखान्याला जायला बस आहे, पण ती आली तर आली. कामाची पाळी हुकायला लागली तेव्हा ह्यांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, आपली स्वतःची स्कूटर पेट्रोल काढून, गोणपाटात शिवून, रेल्वेच्या पार्सलनं तिला पाठवून दिली. मुलगी गेली त्या दिवशी हे पेपर वाचत बसले होते. स्कूटर गेली त्या दिवशी मात्र जेवले नाहीत. माणूस कुठल्या गोष्टीवर रडतो यावरून काही ठरवू नये हे मला संसारात फार उशिरा कळलं.

रात्रीच्या बसप्रवासाचं वर्णन करत नाही. ज्यांनी केला आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी केला नाही त्यांना घाबरवायला नको.

के. आर. पुरम

बंगलोरबद्दल माझी कल्पना गुलाबाची फुलं आणि थंड हवा अशी होती. के. आर. पुरमला रिक्षातून उतरले ती लाल धुळीत. एका बाजूला रेल्वे, दुसऱ्या बाजूला मद्रासकडे जाणारा रस्ता, आणि त्या रस्त्यावर एकामागे एक लॉऱ्या. हवा मात्र खरंच थंड होती, ऑक्टोबरात शाल घ्यावीशी वाटेल इतकी.

वृषालीचे घरमालक तुकोजीराव आणि त्यांच्या मंडळी शांताक्का. घर मराठी, पण आमच्या कराडची मराठी नव्हे. यांच्या कित्येक पिढ्या बंगलोरातच गेल्या. तुकोजीरावांचं बाजारात कापडाचं दुकान आहे. शांताक्का दारातच म्हणाल्या, "या की आत. स्वल्प काफी घ्या, मग आंघोळ. पाणी बिशी हाय." म्हणजे गरम आहे. एका वाक्यात निम्मी मराठी आणि निम्मी कन्नड, पण अगत्य पुरतं आपल्याकडचं. सगळे त्यांना अक्का म्हणतात, मीही म्हणू लागले, वयानं त्या माझ्याहून लहान असाव्यात तरी.

लेक जिन्यावरून धावत आली. मी तिला जवळ घेतलं. हे कुठं आहेत म्हणून बघते, तर हे अंगणात स्कूटरपाशी उकिडवे बसलेले. लेकीच्या आधी स्कूटरची विचारपूस! मागच्या चाकावरून अंगठा फिरवत होते. मग अंगठा थांबला.

"वृषाली, इकडे ये. हे काय आहे?"

"टायर, बाबा."

"टायर कुठाय? मला नुसते दोरे दिसताहेत."

खरंच, मागचा टायर मधोमध गुळगुळीत होऊन एका जागी आतले दोरे वर आले होते. पुढचा जरा बरा, पण त्याच्याही खाचा बुजत चाललेल्या. वृषाली म्हणाली, "सुरू होते, थांबते, मी कशाला खाली वाकून बघू?" तिथंच विषय संपला असता. पण कॉफीचा पेला पुढं करताना तिची बाही वर सरकली आणि कोपरापासून मनगटापर्यंत धरलेली खपली मला दिसली.

मग सगळं बाहेर आलं. पाऊस पडून गेला होता, कारखान्यातून येताना ब्रेक दाबला, स्कूटर थांबली नाही, आडवी झाली. मागून लॉरी येत होती. ती हातभरावर येऊन थांबली. ड्रायव्हरनं खाली उतरून आधी तिला कन्नडमधून यथेच्छ शिव्या दिल्या आणि मग स्कूटर उचलून रस्त्याच्या कडेला लावून दिली. हे सगळं ती हसत हसत सांगत होती. मला तर हातातला पेला खाली ठेवावा लागला. हातभर म्हणजे किती, ते मी मनातल्या मनात मोजत बसले.

हे म्हणाले, "दसऱ्याला संध्याकाळी आमची परतीची बस आहे. तूही चल. नोकऱ्या कराड-साताऱ्यातही मिळतात."

आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच मी घाबरले. ह्यांचा आवाज चढला की मी निर्धास्त असते, कारण तो उतरतो. वृषालीचं हसू गेलं. वर्षभर पोरीनं एकटीनं घर शोधलं, भाषा शिकली, पगारातून धाकट्या भावाचं शिक्षण उचललं, आणि आता ते सगळं एका टायरापायी गुंडाळून न्यायचं? पण लॉरीही डोळ्यांसमोरून हलेना. माझं मन असं दोन्हीकडून ओढलं जात होतं.

"टायर बदलले तर?" मी विचारलं.

हे स्कूटरकडे बघत म्हणाले, "माझ्या डोळ्यांसमोर बदलले, आणि चालवून बघितली, तर बघू."

"बघू" हा शब्द आमच्या घरात नकाराच्या फार जवळचा. पण नकार नव्हे. मी तो घट्ट धरून ठेवला.

जे. सी. रोड

टायर घ्यायला शहरात जे. सी. रोडला जायचं असं तुकोजीरावांनी सांगितलं. वृषालीनं अर्धी रजा टाकली आणि आम्ही तिघं सिटी बसनं निघालो. स्कूटर घेऊन जायला ह्यांनी साफ नकार दिला. त्या टायरांवर ती अंगणाबाहेर जाणार नाही म्हणाले.

आपल्याकडे लक्ष्मी रोडला जशी साड्यांची दुकानं तशी इथं गाड्यांच्या सुट्या भागांची. एकात आरसे, एकात सीट, एकात नुसते हॉर्न, आणि गिऱ्हाईक नसलं की हॉर्नवाला आपले आपणच वाजवून बघतो. टायरांच्या दुकानात पाऊल टाकलं की नव्या रबराचा वास नाकात बसतो. मला तो आवडला. नवी पुस्तकं आणल्यावर येतो तसा काहीसा, थोडा उग्र.

दुकानदार पोट सुटलेले, कपाळाला गंध, बोलायला हिंदी. त्यांनी टायरांची चळतच पुढं टाकली. आणि मग ह्यांचा जो सोहळा सुरू झाला! टायर उभा करायचा, नखानं टोचायचा, दोन्ही हातांनी दाबायचा, नाकाशी न्यायचा. माझ्या माहेरी मुलगी बघायला आलेल्यांनीसुद्धा मला इतकं पारखलं नव्हतं. मागच्या चाकाला ठोकळ्याठोकळ्यांच्या नक्षीचा हवा, म्हणजे चिखलात धरतो. पुढच्याला सरळ रेघांचा, म्हणजे वळताना हात जड होत नाही. दुकानदार म्हणत होते, दोन्हीकडे एकच नक्षी लावा, म्हणजे चाकं अदलाबदल करता येतात. ह्यांना ते पटेना. वृषाली मध्ये पडली आणि तिच्या नव्या कन्नडमध्ये काही बोलली. दुकानदारांचा चेहरा एकदम मऊ झाला. ते तिच्याशी कन्नडमधून बोलू लागले, आणि आम्ही दोघं एकाएकी पाहुणे झालो. हे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "पोरगी बोलते हो चांगलं." ते म्हणाले, "हूं."

शेवटी ठोकळ्यांचे दोन टायर घेतले, नव्या ट्यूबांसकट. निकाल लेकीच्या बाजूनं लागला. दोन्ही टायर एकसारखे असले तर कुठल्याही चाकाला स्टेपनी बसवताना विचार करायला नको, आणि रस्त्यात एकटी असताना मला विचार करायचा नसतो, असं ती म्हणाली.

निघताना दुकानदार म्हणाले, "गाडी कल ले आओ, या उधर ही किसी से लगवा लो. लेकिन कल. परसों पूजा है."

हे म्हणाले, "पूजा है, इसीलिए तो परसों."

आता इथं ह्यांचा हिशेब वाचकांना सांगायला हवा. आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांना हळदकुंकू वाहतात, झेंडूचं फूल ठेवतात, आणि पूजा झाली की तोच पाना घेऊन गॅरेजवाला कामाला लागतो. उलट त्या दिवशी नवी वस्तू बसवायला गर्दी असते. तेव्हा नवमीला नवे टायर बसवायचे, दसऱ्याला त्यांची पूजा करायची, असा ह्यांचा बेत. मुहूर्तावर ह्यांची भारी श्रद्धा. आमचा पाण्याचा नळसुद्धा अक्षय्यतृतीयेला बसला आहे. दुकानदार काहीतरी आणखी सांगणार होते, पण एव्हाना हे टायर खांद्याला लावून रस्त्यावर आले होते.

बसमधल्या प्रवासाबद्दल मात्र लिहिलंच पाहिजे. टायर ठेवायला जागा नाही. एक ह्यांनी धरला, दुसरा मी हातात घातला, सरळ बांगडीसारखा. कंडक्टर आमच्याकडे बघून कन्नडमध्ये काही म्हणाला आणि निम्मी बस हसली. वृषालीही हसत होती. मी विचारलं काय म्हणाला, तर म्हणे, "गाडी मागून येते का, असं विचारतोय." एका म्हाताऱ्या बाईंनी सरकून मला आणि माझ्या टायराला जागा दिली, आणि उतरताना पदराला हात पुसून आपल्या डोक्यातला मोगऱ्याचा गजरा माझ्या केसांत खोचला. ओळख ना पाळख. आमच्याकडे सवाष्ण म्हणून ओटी भरतात, पण धावत्या बसमध्ये कुणी आपल्या डोक्यातला गजरा काढून देत नाही.

अष्टमीला दिवसभर पाऊस पडला. लेक बसनं कामाला गेली, उशिरा आली, ओलीचिंब. मी अक्कांबरोबर शेजारपाजारची नवरात्रातली बाहुल्यांची आरास बघत फिरले. पायऱ्यापायऱ्यांवर राजा, राणी, वाणी, भाजीवाली, सगळा संसार मांडलेला. प्रत्येक घरी हरभऱ्याची उसळ, वर ओलं खोबरं. मी पाच-सहा घरची खाल्ली आणि रात्री जेवण नको म्हटलं. टायर आमच्या खोलीत पलंगाखाली होते.

होसकोटे

नवमीला कारखान्यात आयुधपूजा असते आणि घरच्या माणसांना बोलावतात. वृषालीनं आम्हाला न्यायचं ठरवलं. बसला दोन्ही बाजूंना केळीचे खुंट बांधलेले, ड्रायव्हरच्या काचेवर झेंडूच्या माळा, त्याला रस्ता कसा दिसत होता कोण जाणे. प्रत्येक रिक्षा, प्रत्येक लॉरी नवरदेवासारखी. वाटेत एका जागी वृषालीनं बोलता बोलता मान वळवून खिडकीतून बाहेर बघितलं आणि मला कळलं, हीच ती जागा. ह्यांनाही कळलं.

कारखाना मला वाटला होता तसा काळाकुट्ट नव्हता. स्वच्छ, रंगवलेला, यंत्रांना कुंकवाची बोटं, प्रत्येक यंत्रावर एक केळं आणि फूल. वृषालीचं टेबल कोपऱ्यात. त्यावर तिची मापाची उपकरणं पांढऱ्या फडक्यावर ओळीनं मांडून ठेवलेली. तिनं ह्यांना एक उपकरण दाखवलं, केसाची जाडीसुद्धा मोजतं म्हणे. हे हात पुढं करणार तोच ती म्हणाली, "आज नाही बाबा. आज पूजा आहे, हात लावायचा नाही." मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

तिचे साहेब, एक मध्यमवयीन गृहस्थ, आमच्याशी हिंदीत बोलले. "आपकी लड़की ने जो माल रोका, वो हम नहीं भेजते," असं म्हणाले. म्हणजे तिनं नापास केलेला नग पुढं जात नाही, मालकानं सांगितलं तरी. लाडूचा प्रसाद घेताना तो ह्यांनी दोन वेळा खाली पाडला.

पूजा संपली तसे दारात कोहळे फोडले. आत कुंकू भरलेलं. दाणकन आपटला की पांढरा गर आणि लाल पाणी रस्ताभर. दृष्ट निघते म्हणे. मी म्हटलं छान आहे. मग परतीच्या बसमधून बघते तर मैलोन्‌मैल प्रत्येक दुकानापुढं, प्रत्येक गाडीपुढं कोहळ्याचा तोच बुळबुळीत सडा, आणि एक मोपेडवाला आमच्या डोळ्यांदेखत त्यावरून घसरला. लागलं नाही त्याला, उठून कपडे झाडले. पण ह्यांनी पुढच्या सीटची दांडी जी पकडली ती उतरेपर्यंत सोडली नाही.

पुन्हा के. आर. पुरम

स्टेशनपाशी टायरचं दुकान आहे. बाशाभाई आणि मुनियप्पा अशा दोघा भागीदारांचं. दुपारी आम्ही स्कूटर ढकलत, टायर खांद्यावर घेऊन तिथं पोचलो. दुकान उघडं होतं, पण समोर रांगोळी, आत एका फळीवर सगळे पाने, हातोडे, टायर उचकटायच्या पट्ट्या मांडलेल्या, वर कुंकू आणि फुलं, आणि समईसुद्धा. बाशाभाई एकटेच खुर्चीवर बसून पेपर वाचत होते.

"आज हात लगाताच नै सर," ते म्हणाले. "पाना पूजा में बैठे. कल आओ."

"कल तो दसरा है. कल छुट्टी?"

"हौ, छुट्टी. परसों आओ."

परवा! परवा आम्ही कराडला पोचलेलो असणार. ह्यांनी त्यांना बाजूला घेतलं आणि जरा खालच्या आवाजात विचारलं, की पूजा तर मुनियप्पा करतात, तुम्हाला काय अडचण आहे?

बाशाभाई हसले. "सर, भागीदार दो, लेकिन पाना तो एकीच है ना."

मग आम्ही गाव पालथं घातलं. सायकलवाला, लोहार, लॉरीचं गॅरेज. सगळीकडे तीच फळी, तेच कुंकू, आणि तेच "नाडिद्दु बन्नी", परवा या. हत्यारं वर्षभर राबतात, तेव्हा पूजेनंतर दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांना विश्रांती द्यायची असा इथला रिवाज. मला तो मनापासून आवडला, दुसऱ्या कुठल्याही दिवशी याहून जास्त आवडला असता. घरी येऊन तुकोजीरावांकडे पाना मागितला. त्यांचा पाना देवघरात. कात्री देवघरात. दुकानातली गजपट्टी देवघरात. रेडिओसुद्धा. अक्कांनी विळीही ठेवली होती, त्यामुळे संध्याकाळी भाजी चिरता येईना. दहीभात आणि लोणचं खाल्लं.

जेवताना हे म्हणाले, "बॅग भरून ठेव, वृषाली."

मला संताप आला. कालच बसले असते टायर! मुहूर्त हवा होता तो कुणाला? पण मी काही बोलायच्या आत लेकच बोलली. शांतपणे बोलली.

"बाबा, मी पडले ते टायरमुळे. माझी चालवण्यात चूक झाली असती तर मी स्वतःच कराडला आले असते, तुम्हाला यायला लागलं नसतं. रोज मी तिथं बसून लोकांचा माल नापास करते. कारण सापडल्याशिवाय नापास करत नाही. तुम्ही मला कशावरून नापास करताय?"

ह्यांनी ताटातलं लोणचं बोटानं इकडून तिकडे केलं. तुकोजीराव भिंतीकडे बघत होते. अक्का एवढंच म्हणाल्या, "अण्णा, उद्याचं उद्या बघूया की. आता भात घ्या स्वल्प." अण्णा म्हणजे मोठा भाऊ. ह्यांनी भात घेतला, पण बॅगेबद्दल शब्द मागं घेतला नाही. लेक वर गेली. बॅग भरल्याचा आवाज आला नाही, एवढ्यावर मी झोपले.

दसरा

सकाळी बाशाभाई स्वतः दारात. आम्ही दचकलोच.

"चलो सर. मुनियप्पा बुलाता. टायर लेके चलो, जल्दी."

झालं होतं असं. दसऱ्याला सकाळी पूजा उतरवतात, म्हणजे हत्यारं जागेवरून हलवतात. पण हलवली की लगेच परत ठेवून द्यायची नाहीत. प्रत्येक कारागिरानं त्या दिवशी एक तरी काम करून हत्यार चालतं करायचं, मग सुट्टी. वर्षाची बोहनी म्हणा. दरवर्षी मुनियप्पा एखादी जुनी रिम काढून पुन्हा बसवतात, नावाला. यंदा बाशाभाईंनी त्यांना सांगितलं, की एक गिऱ्हाईक कोरे टायर खांद्यावर घेऊन गावभर हिंडतंय. जुन्या गाडीला नवं रबर, याहून चांगलं पहिलं काम कुठलं?

मुनियप्पा आंघोळ करून, कोरी लुंगी नेसून, कपाळाला विभूती लावून उभे होते. टायर बघितले मात्र आणि तोंडभर हसले. "बन्नी, बन्नी!" या, या! मग एक बोट वर केलं. काम एकच करणार. एक चाक.

"एक चाक?" हे ओरडलेच. "और दूसरा?"

त्यावर भर दुकानात चर्चा सुरू झाली. एक चाक म्हणजे एक काम, असं मुनियप्पांचं म्हणणं, आणि रिवाजाच्या बाबतीत ते ऐकेनात. वृषाली त्यांना कन्नडमधून पटवत होती. हे मराठीतून. मी देवाचं नाव घेत होते. शेवटी बाशाभाईंनी पेपर खाली ठेवला आणि निवाडा दिला, "गाडी एक, काम एक." मुनियप्पांनी क्षणभर विचार केला. "सरी," म्हणाले. ठीक.

स्कूटरचं चाक दोन भागांचं असतं हे मला त्या दिवशी कळलं. आधी हवा पूर्ण काढायची, मग नट खोलायचे, की रिम दोन वाट्यांसारखी उघडते. हवा न काढता नट खोलले तर वाटी उडून तोंडावर येते, असं हे मला सांगत होते. मी दोन पावलं मागं गेले. जुना टायर निघाला तेव्हा मुनियप्पांनी तो उजेडासमोर धरला, आणि दोऱ्यांमधून पलीकडचं आभाळ दिसलं. ह्यांनी तो हातात घेतला, मग वृषालीकडे पाहिलं. तेवढंच. नव्या ट्यूबेला पांढरी पावडर, मग टायर, मग समोरासमोरचे नट आळीपाळीनं आवळायचे. मागचं झालं, पुढचं झालं, जुन्यातला बरा होता तो स्टेपनीला गेला. दोन्ही चाकांखाली लिंबं ठेवली, स्कूटर पुढं ढकलली, लिंबं फुटली. मुनियप्पा वृषालीला म्हणाले, नवं रबर आधी जरा घसरतं, चार दिवस मेल्लगे. म्हणजे हळू.

ह्यांनी हेल्मेट घातलं. मला वाटलं चालवून बघणार. तर किल्ली लेकीच्या हातात दिली आणि स्वतः मागं बसले. "रेल्वे गेटपर्यंत जाऊन येऊ."

मी घरी येऊन पायरीवर बसले. अक्का शेजारी येऊन बसल्या. रेल्वे गेट तिथून हाकेवर. ते दोघं येईनात. चहा झाला, अक्कांची फुलं ओवून झाली, रस्त्यावरून सगळ्या जगाच्या गाड्या गेल्या. रस्ताभर कोहळ्यांचा गर आणि वर उन्हानं चकाकणारं पाणी. मी अक्कांचा हात धरला होता हे मला त्यांनी नंतर सांगितलं.

आणि मग ती वळणावर दिसली. पुढं लेक, मागं हे, दोघंही सरळ. स्कूटर येऊन पायरीपाशी थांबली. मला मोठमोठ्यानं रडू आलं. सणासुदीचं, परक्या दारात. अक्का म्हणाल्या, "अय्यो, आले की!"

"कुठं गेला होतात?" मी ओरडले.

"ती पडली होती तिथं," हे म्हणाले. "तिथं तिला ब्रेक मारायला लावला. दोनदा. एकदा कोहळ्यावर."

"मग?"

ह्यांनी हेल्मेट काढलं, डोकं पुसलं. "थांबते," म्हणाले. मग जरा वेळानं, "आणि पोरगी माझ्यापेक्षा बरी चालवते. लवकर दाबते ब्रेक, मी उशिरा दाबतो." आत जाताना तुकोजीरावांना म्हणाले, "राव, दिवाळीला ती घरी येईल चार दिवस. तेवढी गाडी झाकून ठेवा." वृषाली जिना चढून वर पळाली. बराच वेळ खाली आली नाही.

दुपारी पुरणपोळी होती. अक्का तिच्यात ओलं खोबरं घालतात. आमच्याकडे कुणी घातलं तर बोलणी खाईल, मी दोन जास्त खाल्ल्या.

संध्याकाळी शहरात बसस्टँडला जायला के. आर. पुरमहून रेल्वे धरायची होती. वृषालीनं आधी ह्यांना आणि सामानाला स्टेशनवर सोडलं, मग मला न्यायला आली. मी तिच्या मागं पहिल्यांदाच बसत होते. लहानपणी ती माझ्या कडेवरून उतरायला मागायची नाही. आता मी तिचा खांदा दोन्ही हातांनी आवळून धरला होता, आणि डोळे मिटून घेतले होते. कोपऱ्यावर मोठा दुकानदार असावा, कोहळ्यांचा नुसता चिखल झाला होता. स्कूटरचा वेग कमी झाल्याचं मला मिटल्या डोळ्यांनीही कळलं.

"आई, खांदा जरा सैल सोड. मला वळता येत नाहीये."

मी डोळे उघडले आणि हात सोडला. ती वळली.